जुन्या बाहुलीघराची दुरुस्ती : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते ऑगस्ट २०२५

१३ एप्रिल : मोजमाप

पुण्याच्या जुन्या बाजारातून आलेलं घर. कारखान्यातलं नव्हे, कुणा सुताराने हाताने केलेलं. दोन मजले, चार खोल्या, जिना, उतरतं छप्पर आणि पुढून दोन झडपांनी उघडणारी भिंत. सगळा सांगाडा ६ मिमी प्लायचा. बाहेरून रुंदी ६४० मिमी, छपराच्या खालपर्यंत उंची ४८६, मागे-पुढे ३००. प्रत्येक खोली आतून ३११ मिमी रुंद, २३४ मिमी उंच.

माप घेताना आधी प्रमाण ठरवावं लागतं. छताची उंची २३४ × १२ म्हणजे सव्वानऊ फूट, दार १६५ × १२ म्हणजे साडेसहा फूट. दोन्ही उत्तरं खऱ्या घराची आहेत, तेव्हा प्रमाण १:१२, इंचाला फूट. इंग्लंडच्या क्वीन मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात एडविन लट्यन्सने (नवी दिल्लीची आखणी करणारा तोच) केलेलं बाहुलीघर याच प्रमाणाचं आहे, आणि आज जगभर मिळणारं छोटं सामानही बहुतेक याच मापाचं असतं. पुढची प्रत्येक पट्टी, फरशी, गज या एका आकड्यावरून काढायचा.

दोष असे. समोरून कर्ण मोजले तर एक ८०७, दुसरा ८००. पाठीचा हार्डबोर्ड ओलीने फुगलेला. तळाच्या प्लायचे थर डाव्या कोपऱ्यात सुटलेले. छपराखालच्या पट्टीत मिलिमीटरभर भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड. उजव्या झडपेची बिजागरी उपटलेली. भिंतींवर फेविकॉलने चिकटवलेला गिफ्ट पेपर. टॉर्चच्या बल्बचं वायरिंग, त्यात गळलेले सेल. छपरावर पुठ्ठ्याची कौलं, अर्धी बुरशीने काळी. जिना मात्र बऱ्यापैकी पक्का.

कामाचा क्रम : कीड, जुना रंग, कागद, मग सांगाडा, मग तारा, आणि सजावट सर्वांत शेवटी. रंगापासून सुरुवात केलेली घरं दोन पावसाळ्यांत पुन्हा उकलतात, कारण ओल आणि वाकडेपणा रंगाखाली तसाच राहतो. दुसरा नियम असा की जे शाबूत आहे ते बदलायचं नाही, आणि जे नवं लावू ते पुढे दुरुस्ती करणाऱ्याला लाकूड न फोडता काढता आलं पाहिजे.

१५ एप्रिल : कीड

पूड इतकी बारीक असेल आणि भोकं एक-दोन मिमीची असतील, तर काम लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचं. तो पिष्ट भरपूर असलेल्या कच्च्या, पांढऱ्या लाकडात वाढतो. वाळवीसारखी माती किंवा नळ्या दिसत नाहीत, म्हणून औषधही वेगळं. भोक म्हणजे कीड बाहेर पडल्याची खूण. आत अळ्या आहेत की नाहीत हे ताजी पूड पडते का यावरून कळतं.

पोखरलेली पट्टी काढून बंद पिशवीत टाकली. तिच्यावर जुना रंग आहे, म्हणून जाळायची नाही. झडपा आणि जिना खिळे काढून सुटे केले, जाड पॉलिथिनमध्ये हवा दाबून काढून चिकटपट्टीने बंद केले आणि आडव्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवले. अशा तापमानाला दोन आठवडे पुरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. लाकूड खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवायची, नाहीतर हवेतली वाफ थंड प्लायवर साचते आणि थर सुटतात.

सांगाडा फ्रीझरमध्ये मावत नाही. छपराच्या आतल्या उघड्या लाकडाला टाकणखार (बोरॅक्स) ६० ग्रॅम आणि बोरिक ॲसिड ४० ग्रॅम, १ लिटर कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने दोन हात दिले. हे पाणी फक्त उघड्या लाकडात शिरतं, रंगावरून नुसतं ओघळतं. मुलांचा हात किंवा तोंड जिथे लागेल तिथे ते लावायचं नाही, आणि लावलेली जागा नंतर प्रायमरखाली बंद करायची. वाळवीवर फवारतात ती कीटकनाशकं खेळण्याला नकोतच.

२० एप्रिल : जुना रंग

बाहेरून ऑइल पेंटचे तीन थर. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा, विशेषतः पिवळा, लाल किंवा हिरवा रंग शिशाचा आहे असं धरूनच चालायचं. कोरडं घासणं नाही, हीट गन नाही. दोन्हींमुळे शिसं हवेत जातं.

पोपडे आले होते तेवढेच खरवडले, तेही पाण्याचा फवारा मारून, खाली वर्तमानपत्र आणि तोंडाला धूळ अडवणारा मास्क लावून. कडा २२० नंबरच्या वॉटर पेपरने ओल्याच घासल्या. पोपडे, पेपर, फडकी सगळं एका बंद पिशवीत. जिथे रंग घट्ट धरून आहे तिथे तो काढला नाही, त्यावर प्रायमर बसणार आहे. सगळा रंग उतरवण्याचा हट्ट केला तर ६ मिमी प्लायचा वरचा पापुद्राही निघून येतो.

२७ एप्रिल : गिफ्ट पेपर उतरवणे

वाळलेला फेविकॉल पाण्याने फुगतो आणि पांढरा पडतो. तो पांढरा दिसला की सुटण्याजोगा झाला असं समजायचं. कोमट पाणी आणि साधं व्हिनेगर निम्मं-निम्मं, त्यात सुती फडकं भिजवून घट्ट पिळलं आणि भिंतीवर दहा-पंधरा मिनिटं दाबून ठेवलं. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने कागद खरवडला. पटाशी वापरायची नाही, ती ओल्या पापुद्र्यात घुसते. एका वेळी एकच भिंत, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली उभी. प्लाय फार ओला झाला तर तो पन्हळीसारखा वळतो.

फेविकॉलचा पातळ थर मागे राहतोच. तो चकाकतो, म्हणून आडवा उजेड टाकून शोधायचा. तिथे प्रायमर शोषला जात नाही आणि नंतर खळही धरत नाही.

कागदाखाली खालच्या दोन्ही खोल्यांत मूळचा डिस्टेंपर निघाला, चुन्यात नीळ घातल्यावर येतो तसा फिकट निळा. स्वयंपाकघराला पुन्हा तोच रंग द्यायचा हे इथेच ठरलं.

४ मे : तळ आणि काटकोन

सुटलेले थर पातळ सुरीने अलगद उचलून आतली धूळ फुंकून काढली. फेविकॉलमध्ये पाचवा हिस्सा पाणी मिसळून जाड सुईच्या इंजेक्शनने आतपर्यंत भरला. वर-खाली पॉलिथिन, त्यावर सपाट लाकडी ठोकळे, आणि चार सी-क्लॅम्प. २४ तास. पॉलिथिन विसरलं तर ठोकळा घराचाच भाग होतो.

काटकोनासाठी पाठ काढणं भाग आहे, कारण अशा घराला काटकोनात धरून ठेवते ती पाठच. चार भिंती नुसत्या खिळ्यांवर असतात, पाठ फुगली की सगळं एका बाजूला कलतं आणि मग झडपा मध्येच अडतात. लांब कर्णावर सुतळी दुहेरी बांधून त्यात काडी घालून पीळ दिला. दोन्ही कर्ण ८०४ वर आल्यावर आणखी मिलिमीटरभर पुढे ताणलं, कारण सोडल्यावर लाकूड थोडं परत जातं. ताणलेलं असतानाच मागच्या कडेला आतून १० × १० मिमी सागवानी पट्ट्या चिकटवल्या. खोलीत त्या दिसणारच, तेव्हा खालच्या पट्टीला स्कर्टिंग आणि वरच्या पट्टीला छताची नक्षीपट्टी धरून पुढे रंगवायचं.

नवी पाठ ४ मिमी बीडब्ल्यूपी प्लायची (उकळत्या पाण्यालाही टिकणारा), आयएस ७१० छापाची. साधा एमआर ग्रेड (थोडी ओल सोसणारा) आयएस ३०३ मध्ये येतो. तो कोरड्या जागी चालतो, पण बाहुलीघर बहुतेक वेळा जमिनीवर, भिंतीला टेकून असतं आणि आपल्याकडच्या भिंती पावसाळ्यात घाम धरतात. पाठ चिकटवली नाही. अर्ध्या इंची १६ स्क्रूंनी पट्ट्यांवर बसवली, म्हणजे तारांपर्यंत पुढेही पोचता येईल.

११ मे : बिजागऱ्या

बिजागरी उपटली कारण तिचे स्क्रू ६ मिमी प्लायच्या कडेत, थरांच्या मधोमध मारलेले होते. तिथे स्क्रू पाचरीचं काम करतो आणि थर फाकवतो. फेविकॉल-भुसा भरून तोच स्क्रू परत मारला तर काही महिने टिकेल एवढंच. कडेच्या मागे १२ × १२ मिमी सागवानी पट्टी पूर्ण उंचीभर चिकटवली आणि १ इंची पितळी बिजागऱ्या त्या पट्टीत बसवल्या. प्रत्येक झडपेला तीन. आधी १.५ मिमी ड्रिलने भोक, स्क्रूला साबण. पितळी स्क्रू थेट आवळला तर त्याचं डोकं तुटतं, म्हणून पहिल्यांदा त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्यायचे.

झडप आणि चौकटीत २ मिमी फट ठेवली. रंगाचे चार हात दोन्ही कडांवर बसले की त्यातली निम्मी फट उरते.

१८ मे : तारा आणि दिवे

गळलेले सेल झिंक-कार्बनचे होते. त्यांचं पाणी आम्लधर्मी, म्हणून पितळी पट्ट्या खाण्याच्या सोड्याने पुसल्या. अल्कलाइन सेल असते तर उलट, व्हिनेगर लागलं असतं. जुनं वायरिंग पूर्ण काढलं. टॉर्चचा बल्ब तापतो आणि त्याच्या वरच्या छताला तपकिरी डाग होतेच.

नवे दिवे : ३ मिमी वॉर्म व्हाइट एलईडी, एकूण ६. प्रत्येक खोलीत एक, जिन्यावर एक, दर्शनी दारावर एक. वीज ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरची. एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडतात, उरलेले २ व्होल्ट रोधकावर (रेझिस्टर). ४७० ओहमला सुमारे ४ मिलिॲम्पियर मिळतात आणि खोलीत कंदिलाएवढा उजेड पडतो. २२० ओहमला ९ मिळतात. तो उजेड या मापाच्या खोलीत डोळ्यांवर येतो. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रोधक हवा. सहांना मिळून एकच लावला तर एलईडींमधल्या बारीक फरकामुळे एक झगमगतो आणि दुसरा मिणमिणतो.

सहा दिव्यांचे मिळून २५ मिलिॲम्पियर होतात. एवढ्या कमी भारावर बऱ्याच पॉवर बँका काही नाही असं समजून आपोआप बंद पडतात. दोष वायरिंगमध्ये शोधत बसण्याआधी चार्जर लावून बघायचा.

तार ३६ नंबरची इनॅमलची, ०.१९ मिमी. टोकाचं इनॅमल पॉलिश पेपरने घासल्याशिवाय कथील धरत नाही. ही तार शॉर्ट झाली तर चार्जर तिच्यातून एक-दोन ॲम्पियर सहज ढकलतो आणि ती कागदाला चटका देईल एवढी तापते, म्हणून सुरुवातीलाच १०० मिलिॲम्पियरचा पॉलीफ्यूज (प्रवाह वाढला की तो अडवणारा फ्यूज). खालच्या खोल्यांच्या दिव्यांच्या तारा वरच्या जमिनीत १ मिमी खाच पाडून मागे नेल्या. चार्जर घराबाहेरच. २३० व्होल्टची वायर खेळण्यात घेणार नाही, आणि बटणसेलही नाही. तो मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजते.

२६ मे : पाऊस

यंदा मॉन्सून आजच मुंबई-पुण्यात दाखल झाला. रंगाचं वेळापत्रक जूनच्या मध्यापर्यंत कोरडी हवा धरून होतं, ते बदललं. दमट हवेत पाण्यावरचे रंग वरून कोरडे वाटतात पण आतून मऊ राहतात, आणि दोन रंगवलेल्या कडा एकमेकींना लागल्या की चिकटून बसतात. झडपा बंद करायच्या असल्या तर मध्ये बटर पेपर. दोन हातांमधलं अंतर चार तासांऐवजी पूर्ण दिवस.

८ जून : प्रायमर आणि रंग

भोकं, खिळ्यांची डोकी आणि सांधे ॲक्रिलिक लांबीने भरले, दोन पातळ हातांत. जाड थर सुकताना चिरतो. पाण्यावरचा वूड प्रायमर दोन हात, मध्ये ३२० नंबरचा पॉलिश पेपर. मग ॲक्रिलिक इमल्शन, मॅट.

मॅटच का? ब्रशची रेघ ०.३ मिमी उंच असली तरी १:१२ मध्ये ती साडेतीन मिमीच्या गिलाव्याच्या उंचवट्यासारखी दिसते, आणि चकाकी ती उठवून दाखवते. सपाट भागाला दोन इंची फोम रोलर, खिडकीच्या कोपऱ्यांना शून्य नंबरचा ब्रश. कोपऱ्यात साचलेला रंग ओला असतानाच काडीने टिपायचा. बाहेर चुनखडी पांढरा, दारं-खिडक्या गडद हिरव्या. स्वयंपाकघराला निळा डिस्टेंपरचा रंग. त्यासाठी पांढऱ्यात निळा आणि अगदी चिमूटभर काळा लागला. काळा नसेल तर निळा खेळण्यातला वाटतो, घरातला नाही.

२२ जून : खळ आणि भिंतीचा कागद

वरच्या दोन खोल्यांना कागद. चिकटवायला मैद्याची खळ : १ भाग मैदा, ५ भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळून, गाळून, गार करून. फेविकॉल नाही. खळीने लावलेला कागद पन्नास वर्षांनीही ओल्या फडक्याने सुटतो. फेविकॉलचा कागद कसा सुटतो हे एप्रिलच्या नोंदीत आहे. बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी, मुलांच्या वस्तूत तो घालायचा नाही. त्याऐवजी वाटीभर खळीला लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घातले, आणि खळ त्याच दिवशी संपवली. या हवेत ती दुसऱ्या दिवशी आंबते.

आधी पातळ पांढऱ्या कागदाचं अस्तर, ते वाळल्यावर वरचा कागद. अस्तरामुळे प्लायचे तेलकट डाग वर येत नाहीत. कागदाला खळ लावून तीन-चार मिनिटं थांबायचं. ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेला फुगतो, ३११ मिमीच्या भिंतीवर तीन मिमीपर्यंतही. न थांबता लावला तर तो भिंतीवर फुगतो आणि त्याच सुरकुत्या होतात. कडा आधी कापायच्या नाहीत, वाळल्यावर नव्या ब्लेडने.

नक्षी निवडताना बारा पटींचा हिशोब करायचा. १५ मिमीचं फूल म्हणजे भिंतीवर १८ सेमीचं फूल. चार-पाच मिमीच्या वर गेलं की खोली लहान वाटायला लागते.

६ जुलै : फरशी

स्वयंपाकघराला शहाबादी. दोन फुटी फरशी १:१२ मध्ये ५१ मिमी. ३११ मिमी रुंदीत ६ फरश्या आणि १ मिमीचे ५ सांधे बरोबर बसतात. मागे-पुढे २९० मिमीत ५ ओळी आणि मागे ३० मिमीची कापलेली ओळ, म्हणजे ३० अख्ख्या आणि ६ कापलेल्या. १.५ मिमी ग्रे बोर्डचे तुकडे, कडा ३२० ने किंचित गोल. रंग एकसारखा नको : राखाडीत कुठे निळसर, कुठे हिरवट झाक, पाणी जास्त घालून दोन-तीन वेळा. वर मेणाचं पॉलिश. शहाबादीची खरी चकाकी पायाने घासून आलेली असते, वॉर्निशने ती ओली दिसते.

दिवाणखान्यात रंगीत सिमेंटच्या फरश्या, आठ इंची, म्हणजे १७ मिमी. नक्षी कागदावर छापली. इंकजेटची छपाई पाण्यावरच्या वॉर्निशने पसरते, लेझरची नाही. जमिनी थेट प्लायवर चिकटवल्या नाहीत. १ मिमी पुठ्ठ्यावर तयार करून नुसत्या सरकवल्या. खाली तारा आहेत.

२० जुलै : कौलं

मंगलोरी कौल साधारण ४१ × २३.५ सेमी, इथे ३४ × २० मिमी. छपराची प्रत्येक उतरण ६८० × १९६ मिमी. ३४ मिमी रुंद पट्ट्या ७ मिमी चढवून लावल्या की २७ मिमी दिसतं. एका बाजूला ७ ओळी, ओळीत ३४ कौलं, दोन्ही बाजूंची मिळून ४७६. एवढी सुटी कापण्याची गरज नाही. ३०० जीएसएम आयव्हरी कार्डाच्या पट्ट्या, रबरी मॅटवर ठेवून रिकाम्या बॉलपेनने प्रत्येक कौलाच्या दोन खोलगट रेघा दाबल्या, आणि खालच्या कडेला दर २० मिमीवर ५ मिमीचा काप. खालून वर लावत जायचं, पाऊस वाहून जातो त्याच क्रमाने. पहिल्या ओळीखाली १ मिमीची पट्टी घातली नाही तर सर्वांत खालची कौलं बाकीच्यांपेक्षा आडवी पडतात आणि ते लगेच नजरेला येतं.

रंग लावण्यापूर्वी कार्डाच्या दोन्ही बाजूंना शेलॅकचा (लाखेचं वॉर्निश) पातळ हात, नाहीतर कडा वर वळतात. मग तांबडा ऑक्साइड, त्यावर कोरड्या ब्रशने थोडी काजळी आणि आढ्याजवळ शेवाळी.

३ ऑगस्ट : गज आणि जिना

चारही खिडक्यांतलं प्लास्टिक पिवळं पडून ठिसूळ झालेलं. काढलं आणि जागी गज लावले. उदबत्तीच्या आतली बांबूची काडी १.३ मिमी जाड असते, म्हणजे प्रमाणात सोळा मिमीचा गज. याहून नेमकी वस्तू दुकानात मिळत नाही. मसाला न लावलेल्या काड्या घ्याव्यात. ७० मिमी रुंद खिडकीत ८ मिमी अंतरावर ८ गज, वर-खाली सागवानी पट्टीत भोकं पाडून.

जिना १२ पायऱ्यांचा, प्रत्येक २० मिमी उंच. प्रमाणात साडेनऊ इंच होतात, नव्या इमारतीत हा जिना उभा वाटेल, पण वाड्यातले जिने असेच चढे असतात. बदलला नाही. दोन तडकलेल्या पायऱ्यांखाली ठोकळे चिकटवले, कठडा नवा केला, आणि पायऱ्यांच्या झिजलेल्या कडा तशाच ठेवल्या.

१७ ऑगस्ट : भांडी, पडदे

बाजारातली पितळी भातुकली इथे चालत नाही. तिचं ताट ६०-७० मिमीचं असतं, या घरात ते पाऊण मीटरचं होतं. इंजेक्शनच्या बाटलीचं २० मिमीचं ॲल्युमिनियमचं झाकण मात्र २४ सेमीच्या ताटाएवढं, १३ मिमीचं झाकण ताटलीएवढं. फाटलेली कड कानशीने घासायचीच, ती बोट कापते. ओटा ६८ मिमी उंच.

पडद्यांना जुनी मलमल. जाड कापड या मापात ताठ उभं राहतं. कांजीत बुडवून थर्मोकोलवर टाचण्यांनी चुण्या धरून वाळवलं की ते सरळ खाली पडतं.

सुटे तुकडे तीन वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात. ३१.७ मिमी व्यासाच्या चाचणीनळीत मावेल ते सगळं लहान तुकडा धरतात, आणि इथली सगळी भांडी त्यात मावतात. घर पाच वर्षांवरील मुलांसाठीच द्यायचं.

२४ ऑगस्ट : जुळणी

झडपा बसवल्या. उजवी वरच्या कोपऱ्यात अडत होती, बिजागरीखाली व्हिजिटिंग कार्डाचा एक तुकडा घातल्यावर मोकळी झाली. दमट हवेत प्लाय फुगलेला असताना जुळवलेली झडप हिवाळ्यात थोडी सैल होईल, म्हणून मध्ये छोटं चुंबक लावलं.

पाठीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं : कागदाला मैद्याची खळ, जमिनी सुट्या, छपराखाली टाकणखार, जुन्या रंगात शिसं असू शकतं, दिव्यांना ५ व्होल्ट.

घराखाली चार रबरी पाय, ओल वर चढू नये म्हणून. त्याखाली काळा कागद पसरला आहे. भुंगेरा साधारण उन्हाळ्यात बाहेर पडतो, तेव्हा पुढचा मे संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी कागदावर ताजी पूड आहे का ते बघायचं. दिसली तर पूड पडली त्याच्या बरोबर वरची पट्टी आधी काढायची, बाकी घर उकलायचं नाही.